तांड्याचा सोबती

रायपूरहून दुर्गमार्गे दक्षिणेकडे वळले की बालोद लागते, आणि बालोदपासून थोड्याच अंतरावर खपरी नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे एक जुने शिवमंदिर आहे. फणिनागवंशी राजांच्या अमदानीत, चौदाव्या-पंधराव्या शतकात, ते बांधले गेले असे मानतात. गाभाऱ्यात शिवलिंग आहे, तेथे नित्याची पूजाही होते. परंतु भोवतालचा मुलूख या देवळाला महादेवाच्या नावाने ओळखत नाही. तो त्याला कुकुरदेवाचे मंदिर म्हणतो. कुकुर म्हणजे कुत्रा. शिवलिंगाच्या जोडीला येथे एका कुत्र्याची दगडी मूर्ती आहे, आणि तिलाही गंध-फूल वाहिले जाते.

कथा अशी सांगतात. एक बंजारा आपला तांडा घेऊन या भागात आला होता. दुष्काळ पडला, पैशाची नड आली, आणि गहाण ठेवण्यासारखे त्याच्याजवळ एका कुत्र्यावाचून काही उरले नाही. त्याने तो कुत्रा सावकाराकडे ठेवला. काही दिवसांनी सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरीचा माल कोठे दडविला आहे ती जागा धन्याला दाखविली. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले अशी चिठ्ठी लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली व त्याला मोकळे केले. कुत्रा आनंदाने आपल्या मूळ धन्याकडे धावत आला. बंजाऱ्याला वाटले, याने वचन मोडले, आपली पत घालविली. रागाच्या भरात त्याने काठी घातली आणि कुत्रा जागीच मेला. चिठ्ठी वाचली ती त्यानंतर. पश्चात्तापाने त्याने तेथे कुत्र्याची समाधी बांधली.

अशीच कथा मध्य प्रदेशातील दिंडोरीजवळच्या कुकर्रामठ येथेही सांगतात. तेव्हा ही एका गावची गोष्ट नव्हे. तांडे जेथून जेथून गेले तेथे तेथे ती त्यांच्याबरोबर गेली असे दिसते. कथेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट कुत्र्याचे इमान ही नाही. इमानाच्या कथा सर्वत्र आहेत. बोलकी गोष्ट ही की, सावकाराने कुत्रा गहाण म्हणून स्वीकारला. सावकार भावनेवर कर्ज देत नाही. याचा अर्थ असा की, ज्या समाजाने ही कथा रचली त्या समाजात बंजाऱ्याच्या कुत्र्याला बाजारात किंमत होती.

ती किंमत कशाची, हे समजण्यासाठी तांडा म्हणजे काय ते ध्यानात घेतले पाहिजे. छत्तीसगढ हा धान्याचा मुलूख, पण मिठाला पारखा. समुद्राकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर गोणी घालून आत आणावयाचे आणि जाताना धान्य न्यावयाचे, हा व्यापार शतकानुशतके बंजाऱ्यांच्या हाती होता. 1741 साली भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर घेतले आणि छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. तेव्हापासून नागपूर आणि रायपूर यांच्यामधील वाटेवरची मराठी वर्दळ वाढली. शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा रात्री उघड्या माळावर उतरे. बैलांभोवती गोण्यांची भिंत, मध्ये बायकामुले, आणि बाहेरच्या अंधारात कुत्रे. वाघ, लांडगा व चोर या तिघांनाही ओळखणारा हा पहारा होता. दिवसा तोच कुत्रा वाटेवरचा ससा वा हरिण धरून आणी आणि तांड्याच्या चुलीवर कालवण शिजे.

फारसीतील कारवाँ या शब्दाचा अर्थ तांडाच. दख्खनमध्ये या शिकारी कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात ते यावरूनच. लातूर, अहमदपूर, उदगीर, नांदेड या मराठवाड्याच्या टापूत आजही खेड्यातला मनुष्य ‘कारवान आहे’ असे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात थोडी ऐट असते. कृष्णेच्या दक्षिणेस गेले की याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. अंगावर आखूड केस असलेला तो कारवान. आणि कान, शेपूट व पाय यांवर रेशमासारखी झालर असलेला तो पश्मी. पश्म म्हणजे लोकर. पश्मी ही वेगळी जात की त्याच जातीचे वेगळे रूप, यावर पाळणाऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. मी स्वतः तिला त्याच कुळातली मानतो. खपरीच्या देवळातला कुत्रा याच जातीचा होता असा दावा मी करणार नाही. दंतकथा कुत्र्याचे नाव-गाव राखीत नाही. तांड्यांबरोबर राखणीचे थोराड कुत्रेही असत, आणि हे सडपातळ धावणारेही असत.

हा कुत्रा पहिल्यांदा पाहणारा मनुष्य बहुधा एकच उद्गार काढतो: ‘याला खायला घालीत नाहीत काय?’ बरगड्या दिसतात, कमरेची दोन हाडे वर आलेली असतात, पोट पाठीला लागलेले असते. हे उपासमारीचे लक्षण नव्हे, ही त्याची घडण आहे. नर खांद्याशी साधारण 68 ते 72 सेंटिमीटर उंच, मादी थोडी ठेंगणी. वजन मात्र 25 किलोंच्या आसपास. डोके लांब व चिंचोळे, जबडा टोकाकडे निमुळता होत गेलेला, कान डोक्याला लगटून लोंबणारे, डोळे मोठे, लांबट व पाणीदार. छाती खोल, कारण तिच्यात मोठे हृदय व फुप्फुसे मावावी लागतात. पाय लांब आणि पंजे सशाच्या पंजासारखे. रंग बदामी, मलई, तांबूस, राखाडी, काळा. छातीवर वा पंजांवर पांढरा ठिपका असला तर बिघडत नाही.

इतर कुत्री वास काढीत भक्ष्यामागे जातात. हा डोळ्यांनी शिकार करतो. डोक्याच्या चिंचोळ्या घडणीमुळे त्याच्या दृष्टीचा आवाका आपल्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो, आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला हललेले गवत त्याला प्रथम दिसते. मग तो निघतो. त्याच्या भरधाव दौडीत एका झेपेमध्ये दोनदा चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. एकदा शरीर धनुष्यासारखे आकसलेले असताना आणि एकदा बाणासारखे ताणलेले असताना. अशा वेळी त्याला हाक मारणे व्यर्थ. तो ऐकत नाही असे नव्हे. त्या क्षणी त्याला कान नसतातच म्हणा ना.

ही जात आली कोठून? सर्वसाधारण समजूत अशी की, अरब, इराणी व अफगाण घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर आणि फौजांबरोबर सालुकी, ताजी या जातींचे कुत्रे दख्खनमध्ये आले आणि बहामनी व आदिलशाही काळात येथल्या कुत्र्यांत मिसळले. रूप पाहता हे नाते नाकारता येत नाही. परंतु शिकारी कुत्र्याचा दख्खनमधील लौकिक सुलतानांच्या फार आधीचा आहे, ही गोष्ट या समजुतीत झाकली जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, कसे खेळावे, हत्ती कसे पारखावे, हे सारे त्यात आहे, आणि कुत्र्यांच्या साहाय्याने करावयाच्या मृगयेचा विचारही सारमेयविनोद या प्रकरणात आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. उदगीरपासून ते फार दूर नाही. म्हणजे आज जेथे कारवान निपजतो त्याच पट्ट्यात नऊशे वर्षांपूर्वी एक राजा कुत्र्यांविषयी लिहीत होता.

त्याहून जुना पुरावा दगडाचा आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे एक वीरगळ सापडला. तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. काळ इसवी सन 949-50, म्हणजे राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव झाल्यावर गंग राजा बूतुग याने आपला शूर सरदार मणलेर याला वर मागावयास सांगितले. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाजवळचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे त्या कुत्र्याची गाठ एका प्रचंड रानडुकराशी पडली आणि दोघेही एकमेकांना मारून मेले. मणलेराने काळीच्या नावाने शिळा उभी केली, तिच्या पूजेसाठी जमीन दिली, आणि कुत्रा व डुक्कर यांची झुंज वर कोरविली. सावकाराने कुत्रा गहाण घेतला ही गोष्ट ज्यांना अतिशयोक्त वाटली असेल त्यांनी हा लेख आठवावा.

मराठ्यांच्या इतिहासातही कुत्र्यांची स्मारके आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. त्याने महाराजांना वाघापासून सावध केले अशी आख्यायिका आहे. रायगडावरील वाघ्याच्या वादात मी येथे शिरत नाही. तो विषय श्वानशास्त्राचा राहिलेला नाही.

आता मुधोळकडे वळू. मराठी श्रोत्याला मुधोळ आठवते ते बाजी घोरपड्यामुळे. 1648 मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात त्याचा हात होता, आणि शिवाजीमहाराजांनी पुढे त्याचा हिशेब चुकता केला. या घोरपडे घराण्याचे संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1956 मध्ये तो भाग म्हैसूर राज्यात गेला. आज मुधोळ कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. एका प्राण्यावरून आडनाव पडलेल्या घराण्याने दुसऱ्या प्राण्याला आपल्या गावचे नाव द्यावे, हा योगायोग गमतीचा खराच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्याची पैदास हाती घेतली. त्यांनी चांगले नर-मादी निवडले, वंश जपला आणि कुत्र्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला पिल्लांची जोडी भेट दिली ही हकीकत वारंवार छापली जाते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यापुढे 1937 हे साल असते. पाचवा जॉर्ज 20 जानेवारी 1936 रोजीच मरण पावला होता. तेव्हा एक तर साल चुकले आहे किंवा जॉर्ज चुकला आहे. आपल्याकडे एकाने लिहिलेले दुसरा किती निश्चिंतपणे उतरवून घेतो याचा हा नमुना म्हणून सांगितला. मालोजीरावांच्या कामाला त्यामुळे उणेपणा येत नाही.

मात्र मालोजीरावांना हे कुत्रे मिळाले कोणाजवळ? ते त्यांना राजवाड्यात मिळाले नाहीत. ते मिळाले आसपासच्या शिकारी लोकांजवळ, ज्यांत बेरड प्रमुख होते. याच संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी 1857 मध्ये हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला होता. इंग्रजी फौजेने गावाला आग लावली आणि पुढे अनेकांना फाशी दिले. ज्या लोकांच्या हातून शस्त्र हिसकावून घेतले गेले, त्यांच्या हाती पोट भरण्यासाठी कुत्रा उरला. राजाने कुत्र्याला नाव दिले. जात टिकविली ती बेरडाने, पारध्याने, धनगराने आणि बंजाऱ्याने. ज्वारीची अर्धी भाकरी स्वतः खाऊन अर्धी कुत्र्याला घालणारे हे लोक होते. त्यांची निवड राजाच्या निवडीपेक्षा कठोर होती. जो कुत्रा ससा आणीत नाही त्याला घालण्यासाठी भाकरी नसे.

या कुत्र्यावर दोनदा बेकारीची पाळी आली. पहिली आगगाडीने आणली. 1880 च्या दशकात नागपूरकडून रूळ छत्तीसगढात आले आणि बैलाच्या पाठीवरचे मीठ वाघिणीत चढले. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदा बैलगाडीने व आगगाडीने बुडविल्याची नोंद आहे. तांडे वस्तीला बसले, आणि तांड्याचा पहारेकरी बांधावरचा कुत्रा झाला. त्याच सुमारास, 1871 च्या कायद्यान्वये, पारध्यांसारख्या अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय सरकारने केली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पोलिसपाटलाच्या नजरेतून तो अजून पुरता गेलेला नाही.

दुसरी बेकारी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 मधील त्याच्या दुरुस्तीने आली. शिकार हा गुन्हा ठरला. तो ठरणे अवश्यच होते. ज्या छत्तीसगढात मी या कुत्र्याची कथा सुरू केली त्याच छत्तीसगढातील कोरिया संस्थानात 1947 साली राजाच्या बंदुकीने तीन चित्ते पडले, आणि पुढे देशातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. मोटारीतून गोळ्या झाडणाऱ्या संस्थानिकांनी व साहेबांनी जंगल रिकामे केले. कायद्याने जाब विचारला तेव्हा समोर सापडला तो कुत्रा घेऊन सशामागे गेलेला पारधी.

मग या कुत्र्याचे आता करावयाचे काय? शहरातील हौशी लोकांनी त्याला उचलला. कोणी शर्यतीसाठी, कोणी प्रदर्शनासाठी, कोणी दारी देशी जात असावी म्हणून. यातून दोन अपाय झाले. शर्यतीचा वेग वाढावा म्हणून विलायती ग्रेहाउंडशी संकर होऊ लागला. तो कुत्रा थोडे अंतर अधिक वेगाने जातो, पण दख्खनच्या काट्याकुट्यातून, उन्हातून मैलामागून मैल जाण्याची कारवानाची चिवटी त्याच्यात राहत नाही. दुसरा अपाय पाळणाऱ्याच्या अज्ञानाचा. त्याविषयी थोडे तपशिलाने बोलतो, कारण रायपूर-नागपूरसारख्या शहरांत आता पुष्कळ घरी हा कुत्रा दिसू लागला आहे.

पहिली गोष्ट, याला साखळीने बांधून ठेवू नये. बांधलेला कारवान चिडका किंवा भित्रा होतो. त्याला रोज मोकळे धावू द्यावे, पण कुंपण असलेल्या जागेत, आणि कुंपण चांगले उंच हवे. फिरावयास नेताना गळपट्टा रुंद असावा. याची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे अरुंद पट्टा डोक्यावरून सहज निसटतो आणि मग मांजराच्या मागे रस्ता ओलांडताना तो गाडीखाली येतो. एप्रिल-मेमध्ये रायपूरचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत सूर्योदयापूर्वीच दौड आटोपावी. हिवाळ्यात उलट काळजी. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंडी याला लवकर बाधते. फरशीवर निजून कोपरांना घट्टे व जखमा होतात; गोणपाटाची वा गोधडीची बिछायत द्यावी.

खेड्यातला आहार ज्वारीची भाकरी, दूध वा ताक आणि मिळेल तेव्हा मांस. शहरात त्यात अंडी व शिजविलेले मांस नियमाने घालावे, पण बरगड्या झाकल्या जाईपर्यंत चारू नये. शेजारी नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. जेवणानंतर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत प्राण जातो. पिल्लू वर्षाचे होईपर्यंत त्याला सक्तीने धाववू नये, सांधे बिघडतात. गोचिडी रोज पाहाव्यात, विशेषतः कानांत व बोटांच्या बेचक्यांत. शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर डॉक्टरांना जात आधी सांगावी. ग्रेहाउंडच्या कुळातील कुत्र्यांना भुलीच्या काही औषधांचा, विशेषतः जुन्या बार्बिट्युरेट वर्गातील औषधांचा, अंमल फार वेळ राहतो.

आणि लस. खपरीच्या कुकुरदेवाला प्रदक्षिणा घातली की डांग्या खोकला जातो आणि कुत्रा चावल्याची बाधा होत नाही, अशी त्या भागातील श्रद्धा आहे. प्रदक्षिणेला माझी हरकत नाही. परंतु चावलेली जागा साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तडक दवाखान्यात जाऊन पिसाळरोगाची लस घ्यावी आणि मग कुकुरदेवाला जावे. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचलीच पाहिजे.

स्वभावाविषयी एक इशारा. हा कुत्रा लळा लावतो, पण आल्यागेल्याकडून अंगाला हात लावून घेणे त्याला आवडत नाही. दटावून, मारून तो शिकत नाही. एकदा मारलेले तो वर्षभर विसरत नाही. खपरीच्या बंजाऱ्याला हे ठाऊक असणारच, म्हणूनच त्या कथेतल्या काठीचा घाव इतका जिव्हारी लागतो.

अलीकडे सरकारचे लक्ष इकडे गेले आहे. 2005 मध्ये डाकखात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. 2009 मध्ये मुधोळजवळ तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र सुरू झाले. बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे ते केंद्र शुद्ध वंशाची पिल्ले तयार करते. 2016 मध्ये तेथील पिल्ले सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. त्याआधी, 1963 मध्ये, सोमण या मराठी माणसाने भारतीय कुत्र्यांवर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले होते. त्या काळी देशी कुत्र्यावर पुस्तक लिहिणे याला लोक हसले असतील. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशी कुत्र्यांच्या ज्या पहिल्या जाती नोंदविल्या त्यांतही मुधोळ आहे. मात्र तो कर्नाटकाचा म्हणून, मुधोळ या नावाने. केनेल क्लबच्या दप्तरात तोच कारवान आहे. यामुळे लातूरकडील पाळणारे थोडे रुसलेले असतात. तो रुसवा मला समजतो. पण दोन्ही दप्तरांत बेरडाचे वा पारध्याचे नाव नाही, याविषयी कोणी रुसल्याचे ऐकिवात नाही.

रायपूरपासून पूर्वेस, बलौदाबाजारकडे, बारनवापाराचे अभयारण्य आहे. तेथून नाहीसा झालेला काळवीट 2018 नंतर बाहेरून आणून पुन्हा वसविण्यात आला, आणि त्याचा कळप आता त्या कुरणांत चरतो. काळवीट हे कारवानाचे जुने भक्ष्य. सीमेलगतच्या एखाद्या खेड्यात कोणी हा कुत्रा पाळला असेल तर त्याला त्या बाजूला मोकळा सोडता कामा नये. संध्याकाळी तो अंगणात उभा राहून माळाकडे एकटक पाहत असेल, आणि दूरवर काय हलले ते आपल्या आधी त्याला दिसलेले असेल.